स्टील गिटारच्या व्हॉल्यूम पेडलमधील झिजलेला पॉट बदलताना

पेडल स्टील गिटार वाजवणाऱ्याचा उजवा पाय जवळजवळ सतत व्हॉल्यूम पेडलवर असतो, आणि तो केवळ आवाज लहान-मोठा करण्यासाठी नसतो. तार छेडताना पेडल अर्धवट उघडे ठेवायचे आणि स्वर विरत जाईल तसतसा चवडा हळूहळू दाबून त्याची पातळी टिकवून धरायची, ही या वाद्याची मूलभूत रीत आहे. त्यामुळे पेडलच्या आतील पोटेन्शियोमीटर, म्हणजेच दांडा फिरवून रोध बदलणारा आणि त्यातून आवाज कमी-जास्त करणारा पॉट, आपल्या मधल्याच भागात हजारो वेळा मागेपुढे घासला जातो. अनेक साध्या कार्बन पॉटच्या तांत्रिक पत्रकात पंधरा हजारांच्या आसपास फेऱ्यांचे आयुष्य दिलेले असते. अ‍ॅम्प्लिफायरवरील एखाद्या बटणाला हे आयुष्य पुरून उरते. पेडलमधल्या पॉटला ते पुरत नाही. म्हणून पॉट झिजणे हा पेडलचा दोष समजू नये. तो बदलणे ही नेहमीच्या देखभालीचीच बाब आहे, आणि ज्याने पूर्वी कधी सोल्डरिंग केलेले नाही अशा व्यक्तीलाही ती शांतपणे केल्यास जमण्यासारखी आहे.

पुढील माहिती पॅसिव्ह पेडलविषयी आहे, म्हणजे ज्यात बॅटरी किंवा वीजपुरवठा लागत नाही आणि ज्यात पायपट्टीच्या हालचालीने दोरी किंवा दातेरी पट्टी पॉटचा दांडा फिरवते अशा पेडलविषयी. एर्नी बॉलची पेडल दोरीवर चालतात, तर जुन्या शो-बड पेडलमध्ये दातेरी पट्टी आणि लहान दातेरी चाक असते. हिल्टनच्या पेडलमध्ये आवाजाचे नियंत्रण प्रकाशाच्या साहाय्याने होते आणि झिजणारा पॉटच नसतो, त्यामुळे तसे पेडल असल्यास हा लेख उपयोगाचा नाही.

दोष खरोखर पॉटचाच आहे का

आवाजात खरखर येऊ लागली, तर पेडल उघडण्यापूर्वी एवढे निश्चित करावे. प्रथम पेडल वगळून गिटार थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडावी. खरखर तशीच राहिली तर शोध दुसरीकडे घ्यावा लागेल. खरखर थांबली, तर पेडल पुन्हा जोडून, पायपट्टी अजिबात न हलवता, दोन्ही प्लग त्यांच्या जॅकमध्ये हलकेच हलवून पाहावेत. त्या हालचालीने आवाज तुटत असेल तर जॅक सैल झालेला आहे किंवा त्यावरचा सोल्डरचा जोड सुटत आलेला आहे. प्लग स्थिर असताना पायपट्टी फिरवल्यावर ठरावीक जागी करकर ऐकू येत असेल, आवाज सलग न वाढता एकदम उसळी घेत असेल, किंवा टाच पूर्ण दाबूनही आवाज बंद होत नसेल, तर संशयाची जागा पॉटच आहे.

मल्टीमीटर असल्यास खात्री अधिक होते. सर्व केबल काढून पेडलचे तळझाकण उघडावे, मीटर ओहमवर ठेवून एक टोक पॉटच्या मधल्या पायाला (पॉटला तारा जोडण्यासाठी असे तीन पाय असतात) आणि दुसरे कडेच्या एका पायाला लावावे आणि पायपट्टी अत्यंत सावकाश हलवावी. आकडा सलग चढला किंवा उतरला पाहिजे. मध्येच तो अनंताकडे उडून परत येत असेल तर वायपर, म्हणजे पॉटच्या आतील कार्बनच्या पट्ट्यावरून सरकणारा संपर्क, तेवढ्या जागी पट्ट्याला नीट टेकत नाही. या एका कामात जुन्या पद्धतीचा काट्याचा मीटर डिजिटल मीटरपेक्षा सरस ठरतो, कारण डिजिटल मीटरचा आकडा स्थिरावेपर्यंत क्षणिक उडी निसटून जाते, काटा मात्र ती दाखवतो.

कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून पाहण्यास हरकत नाही. धूळ किंवा काजळी हेच कारण असेल तर पेडल बराच काळ शांत राहते. पण फवारा पॉटच्या आतील वंगणही धुऊन टाकतो, आणि कार्बनचा थर एकदा घासून गेला की कोणताही फवारा तो परत आणू शकत नाही. दोन फवारण्यांमधील अंतर कमी होत चालले असेल तर नवा पॉट मागवावा.

योग्य पॉटची निवड

या संपूर्ण कामात खरा विचार लागतो तो इथे, कारण चुकीचा पॉट उत्तम रीतीने बसवला तरी पेडल बिघडलेलेच राहते.

पहिली गोष्ट म्हणजे मूल्य. ज्या पॅसिव्ह पेडलला गिटारचा पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग, थेट जोडला जातो त्यात बहुधा ५०० किलो-ओहमचा पॉट असतो. काहींत २५० किलो-ओहमचा असतो. २५ किलो-ओहमचा पॉट अशा जागी असतो जिथे सिग्नल आधीच एखाद्या बफरमधून (सिग्नल तसाच ठेवून पुढचा भार पेलणाऱ्या उपकरणातून) किंवा प्रीअ‍ॅम्पमधून आलेला आहे. तो थेट पिकअपला जोडला तर पिकअपवर इतका भार पडतो की उंच स्वरांची चमक नाहीशी होते आणि वाद्यावर पांघरूण घातल्यासारखे वाटते. जुन्या पॉटच्या कवचावरील आकडा वाचावा. तो पुसला गेला असल्यास पॉट सुटा केल्यावर कडेच्या दोन पायांमधील रोध मोजावा. पॉटच्या मूल्यात दहा ते वीस टक्क्यांची तफावत सर्वसामान्य आहे, त्यामुळे ४४० किंवा ५६० किलो-ओहम दिसले तर तो ५०० चाच समजावा.

दुसरी गोष्ट टेपर, म्हणजे दांडा जितका फिरतो त्या प्रमाणात रोध कसा बदलतो ती रीत. आपल्या कानाला आवाजाची वाढ सम प्रमाणात जाणवावी म्हणून येथे लॉगरिदमिक, अर्थात ऑडिओ टेपरचा पॉट लागतो. त्याचा दांडा निम्मा फिरला असता खालच्या बाजूचा रोध एकूण रोधाच्या साधारण दहा ते वीस टक्केच झालेला असतो. लीनियर पॉट बसवल्यास टाचेकडच्या थोड्याशा हालचालीतच बहुतेक आवाज येऊन जातो आणि चवड्याकडचा सारा प्रवास वाया जातो, आणि स्टीलवादकाला नियंत्रण हवे असते ते नेमके या मधल्या आणि चवड्याकडच्या भागातच. आजच्या बहुतेक पॉटवर ऑडिओ टेपरसाठी ‘ए’ आणि लीनियरसाठी ‘बी’ हे अक्षर छापलेले असते. जुन्या मालावर मात्र या अक्षरांचा अर्थ उलटही आढळतो, म्हणून अक्षरावर न विसंबता दांडा मध्यावर ठेवून मीटरने पाहणे अधिक शहाणपणाचे.

टेपरच्या जोडीने फिरण्याची दिशाही पाहावी लागते. चवडा दाबल्यावर, दांड्याच्या बाजूने पाहिले असता, पॉट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर नेहमीचा ऑडिओ टेपर चालतो. तो उलट दिशेने फिरत असेल तर उलट्या टेपरचा पॉट लागेल. कडेच्या तारांची केवळ अदलाबदल करून भागत नाही, कारण त्याने बंद आणि उघडे ही टोके जागेवर येतात पण मधली चढण बिघडते. दोरीच्या काही पेडलमध्ये पुलीवरील (पॉटच्या दांड्यावर बसवलेल्या चाकावरील) दोरी उलट बाजूने गुंडाळून दिशा बदलता येते.

तिसरी गोष्ट मोजमापे. अमेरिकी बनावटीच्या पेडलमध्ये पॉटचा दांडा सामान्यतः पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर व्यासाचा, आणि बुशिंग, म्हणजे दांड्याभोवतीची आटे असलेली नळी, ३/८ इंचाचे असते. बाजारात ६ मिलिमीटर दांड्याचे पॉट विपुल असतात, आणि एवढ्याशा फरकाने काय होते असे वाटू शकते. पण पाव इंची पुलीत तो दांडा बसवून स्क्रू कसला की पुली एका बाजूला सरकते, तिचे केंद्र ढळते, आणि प्रत्येक फेरीत दोरी कुठे ताणली तर कुठे सैल पडते. दांडा भरीव आणि गुळगुळीत असावा. टोकाला चीर असलेला, खाचखळग्यांचा दांडा दाबून बसवायच्या नॉबसाठी असतो, पुलीच्या स्क्रूसाठी नव्हे. लांबीही जुन्याशी ताडून पाहावी. लांब दांडा करवतीने कापता येतो, आखूड दांड्यावर मात्र उपाय नाही.

दर्जाचा विचार करताना दीर्घ आयुष्य आणि हलकी फिरक हे दोन्ही हवेत. अ‍ॅलन-ब्रॅडलीचा टाइप-जे हा साच्यातल्या कार्बनपट्ट्याचा पॉट स्टीलवादकांमध्ये अनेक वर्षे नावाजलेला आहे. कंडक्टिव्ह प्लास्टिकचा पट्टा असलेले पॉटही साध्या कार्बनपट्ट्यापेक्षा कितीतरी अधिक टिकतात. पण टिकाऊ पॉट फिरायला जड असेल तर दोरी पुलीवरून घसरते, म्हणून शक्य असेल तेव्हा दांडा बोटांनी फिरवून पाहिल्याशिवाय पॉट घेऊ नये.

उघडण्यापूर्वी नोंदी

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी तळाकडून तीन-चार छायाचित्रे काढावीत. त्यात कोणत्या रंगाची तार पॉटच्या कोणत्या पायाला आहे, दोरी पुलीवर किती वेढे घेते आणि कोणत्या बाजूने उतरते, स्प्रिंग कुठे अडकवलेली आहे, हे सारे स्पष्ट दिसले पाहिजे. छायाचित्रांतून एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे पॉटची स्थिती. म्हणून टाच पूर्ण दाबून मधल्या आणि कडेच्या पायांमधील रोध मोजावा, मग चवडा पूर्ण दाबून तो पुन्हा मोजावा, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहावेत. पॉट साधारण ३०० अंश फिरतो. पायपट्टीचा प्रवास त्यातला नेमका कोणता भाग वापरतो हे या दोन आकड्यांवरून समजते, आणि नवा पॉट बसवल्यावर त्याच भागात आणण्यासाठी हेच आकडे उपयोगी पडतात.

साधने फारशी लागत नाहीत: सुमारे ३० ते ४० वॅटचे सोल्डरिंग आयर्न, रोझिन असलेले इलेक्ट्रॉनिक्सचे बारीक सोल्डर, जुने सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी, मल्टीमीटर, पक्कड, पाना आणि अ‍ॅलन की. नळकामाचे आम्लयुक्त फ्लक्स किंवा सोल्डर चुकूनही वापरू नये. ते तारा आणि जोड कालांतराने खाऊन टाकते. पुलीचा किंवा दातेरी चाकाचा लहान स्क्रू अमेरिकी पेडलमध्ये इंची मापाचा असतो. जवळपास बसणारी मिलिमीटरची अ‍ॅलन की लावली तर त्याची षट्कोनी खाच गोल होऊन जाते, आणि मग पाच मिनिटांचे काम दुपारभराचे होते.

जुना पॉट काढणे

दोरीचे पेडल असल्यास प्रथम स्प्रिंग सोडवून ताण काढावा. दोरी शाबूत असली तरी तिचे धागे पुलीपाशी उसवलेले आहेत का ते बघावे; पेडल उघडलेलेच आहे तर दोरीही बदलावी, असे माझे मत आहे, कारण नव्या पॉटनंतर काही महिन्यांतच दोरी तुटली तर हीच सगळी उठाठेव पुन्हा करावी लागते. दातेरी पट्टीच्या पेडलमध्ये चाक सोडवण्यापूर्वी पट्टी आणि चाक यांच्या एकमेकांत बसलेल्या दातांवर मार्करने एक खूण करावी.

त्यानंतर पुलीचा स्क्रू सैल करून ती दांड्यावरून ओढून काढावी. स्क्रूच्या टोकाने दांड्यावर कंगोरा उठलेला असतो आणि पुली तिथे अडते. अशा वेळी हिसका देण्याऐवजी तो कंगोरा बारीक कानशीने घासून घ्यावा. आता तारा सोडवाव्यात. आयर्नचे टोक आणि तांब्याची वेणी एकत्र पायावर टेकवली की जुने सोल्डर वेणीत शोषले जाते आणि तार अलगद निघते. तार निघत नसेल तर ती ओढू नये, पुन्हा थोडे ताजे सोल्डर लावून वितळवावे. नवे सोल्डर जुन्याला वाहते करते. शेवटी नट सोडवून पॉट बाहेर काढावा, आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बाजूला ठेवावेत.

नवा पॉट बसवणे आणि जोडणे

अनेक पॉटच्या तोंडाजवळ एक लहानशी पत्र्याची जीभ असते. पॉटने जागच्या जागी फिरू नये म्हणून ती असते. पेडलच्या पत्र्यात तिच्यासाठी भोक असेल तर ती त्यात बसवावी. नसेल तर पक्कडीने मोडून टाकावी, नाहीतर पॉट तिरका बसतो. नट घट्ट करताना पॉटचे कवच हाताने धरावे. पॉट सैल राहिला तर पायाच्या प्रत्येक हालचालीबरोबर तो स्वतःच फिरू लागतो आणि अखेरीस तारा तोडतो.

जोडणीसाठी पॉटचा दांडा स्वतःकडे आणि पाय खाली असे धरावे. घड्याळाच्या दिशेने आवाज वाढणार असेल तर डावा पाय ग्राउंडचा (दोन्ही जॅकच्या सामाईक परतीच्या तारेचा), मधला आउटपुट जॅककडे जाणारा आणि उजवा इनपुट जॅककडून येणारा असतो. मागून पाहिल्यास डावे-उजवे बदलते, आणि पेडल उलटे ठेवून काम करताना मन याच ठिकाणी गोंधळते, म्हणून छायाचित्र समोर असावे.

तारेचे टोक आधी सोल्डरने ओले करून घ्यावे, मग ते पायाच्या भोकात वाकवून अडकवावे. आयर्नने पाय आणि तार एकाच वेळी तापवावीत आणि सोल्डर आयर्नला न लावता तापलेल्या पायाला लावावे. दोन-तीन सेकंदांत ते आपोआप पसरते. ते थिजेपर्यंत तार हलू देऊ नये. जोड गुळगुळीत आणि बाजूंना चिकटून पसरलेला दिसावा. गोळा होऊन नुसता वर बसलेला जोड कच्चा असतो. पायावर आयर्न दहा-पंधरा सेकंद धरून ठेवू नये, कारण उष्णता आत जाऊन पट्ट्याला इजा करू शकते. तारांना थोडी ढील ठेवावी, पण ती दोरीत किंवा पायपट्टीखाली अडकेल इतकी नसावी.

दोरी आणि पल्ला जुळवणे

दोरी विणलेली आणि कमी ताणणारी असावी. मासेमारीची विणलेली दोरी चांगली चालते. एकाच जाड धाग्याची नायलॉन दोरी ताणत राहते आणि धातूच्या पुलीवरून घसरते. पुलीवरील वेढे एकमेकांशेजारी आले पाहिजेत. एक वेढा दुसऱ्यावर चढला तर पायाखाली हिसका जाणवतो आणि आवाजही तिथे अडखळतो. गाठीवर पातळ गोंदाचा किंवा लाखेचा एक थेंब टाकल्यास ती सुटत नाही. स्प्रिंग एवढी ताणावी की दोरी घसरणार नाही. त्याहून अधिक ताण दिल्यास तो सतत दांड्याला आडवा ओढत राहतो आणि पॉटचे बुशिंग झिजवतो.

आता पल्ला. पुलीचा स्क्रू सैल ठेवून टाच पूर्ण दाबावी, दांडा त्याच्या बंद टोकापर्यंत फिरवून अगदी किंचित मागे घ्यावा आणि स्क्रू कसावा. मग चवडा दाबून मीटर पाहावा. तत्त्व असे की पायपट्टी आपल्या अडसरावर टेकावी, पॉट आपल्या अंतर्गत अडसरावर आदळू नये. दोरीच्या पेडलमध्ये पॉट आदळला तर दोरी घसरून पल्ला तेवढा सरकतो आणि फारसे नुकसान होत नाही. दातेरी पट्टीच्या पेडलमध्ये मात्र पायाचा सगळा जोर पॉटच्या लहानशा अडसरावर येतो आणि तो मोडतो किंवा चाकाचे दात जातात. पायपट्टीचा प्रवास पॉटच्या पूर्ण फेरीपेक्षा कमी असेल तर दोन्ही टोके मिळणार नाहीत. अशा वेळी चवड्याकडे पूर्ण आवाज मिळेल असा पल्ला ठेवावा, टाचेकडे थोडा आवाज शिल्लक राहिला तरी चालेल. कित्येक वादक तो मुद्दामच शिल्लक ठेवतात.

झाकण लावण्यापूर्वी

दोन्ही जॅकमध्ये केबल घालून तिच्या मोकळ्या टोकावर मोजावे, कारण काही जॅक प्लग नसताना सिग्नल ग्राउंडला जोडून ठेवतात. इनपुट केबलच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत ५०० किलो-ओहमच्या आसपासचा आकडा दिसावा आणि पायपट्टी हलवली तरी तो बदलू नये. आउटपुट केबलचा आकडा टाच दाबल्यावर शून्याजवळ आणि चवडा दाबल्यावर इनपुटच्या आकड्याजवळ असावा. इनपुटचाच आकडा पायपट्टीबरोबर बदलत असेल तर इनपुट आणि आउटपुटच्या तारांची अदलाबदल झालेली आहे. ही चूक फसवी आहे, कारण पेडल चालते, आवाज बंदही होतो, पण पेडल अर्धवट असताना पिकअपवर भार पडून स्वर मंद होतात. आवाज उलट्या दिशेने वाढत असेल तर कडेच्या दोन तारा उलट लागलेल्या आहेत. गुणगुण मोठी आणि स्पर्शाने बदलणारी असेल तर ग्राउंडचा जोड तपासावा.

नंतर गिटार जोडून एक लांब स्वर छेडावा आणि पेडल अगदी सावकाश उघडावे, विशेषतः मधल्या भागात. या भागात थोडी चमक कमी वाटली तर पॉट सदोष आहे असे लगेच समजू नये. ५०० किलो-ओहमचा पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना त्याचा आउटपुट रोध सुमारे १२५ किलो-ओहम असतो, आणि पाच मीटरच्या केबलची धारकता ५०० पिकोफॅरॅड धरली तर अंदाजे २,५०० हर्ट्झच्या वरचा भाग उतरू लागतो. हा गुण पॅसिव्ह पेडलचाच आहे. पेडलपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची केबल आखूड ठेवल्याने तो बराच सौम्य होतो, आणि पेडलच्या आधी बफर लावला तर पिकअपवरचा भारही हलका होतो.

नवी दोरी पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, त्यामुळे आठवडाभर वाजवल्यावर ताण आणि पल्ला पुन्हा एकदा तपासावा. नवा पॉटही पहिल्या दिवसापासून करकरत असेल तर तोही बदलण्याची घाई करू नये. पेडलच्या आधी एखादे विजेवर चालणारे उपकरण असेल तर ते काढून पाहावे. त्याच्या आउटपुटमधील गळक्या कपॅसिटरमुळे थोडा डीसी दाब पॉटपर्यंत पोहोचत असेल, तर कोणताही पॉट, कितीही चांगला असला तरी, फिरवताना आवाज करणारच.